एकच कादंबरी सांगा, बाई

मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झाली आणि मी पुन्हा वाचायला लागले. मधली दीड-दोन वर्षं फार वाईट गेली. पेपरचे मथळे तेवढे दिसायचे, खालचा मजकूर म्हणजे मुंग्यांची रांग. डोळ्यांवरची पट्टी निघाली त्या दिवशी मी सगळ्यात आधी काय वाचलं असेल? डॉक्टरांच्या भिंतीवरचं कॅलेंडर, मागच्या पानावरच्या पाककृतीसकट. असो.

तर दिवाळीपासून शिमग्यापर्यंत मी सात कादंबऱ्या वाचल्या. काही नव्या, काही पूर्वी वाचलेल्या. मुलगा पुण्याहून दोन-तीन पाठवतो, बाकीच्या आमच्या वाचनालयातून. वाचनालयात कादंबऱ्यांना दोनच कप्पे आहेत. उरलेल्या सगळ्या कपाटांत स्पर्धा परीक्षेची पुस्तकं. त्याबद्दल तक्रार नाही, पोरं सकाळी सातपासून येऊन बसतात तिथं. पण कादंबरी घेऊन जाणारी बहुधा मी एकटीच असावी, कारण माझ्या आधीचा शिक्का बरेचदा तीन-चार वर्षांपूर्वीचा असतो.

हे सगळं नेहमीसारखंच चाललं असतं. पण मार्चमध्ये माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. नाव सांगत नाही, त्याला आवडणार नाही. त्याची संत्र्याच्या कलमांची नर्सरी आहे. आमच्या शेंदूरजनाघाटला बाहेरचा माणूस ओळखतो तो संत्र्याच्या कलमांमुळेच. येताना मृग बहाराची संत्री पिशवीभर घेऊन आला, खुर्चीच्या अगदी काठावर बसला (शाळेतही असाच बसायचा, बाकाच्या टोकाला) आणि म्हणाला, "बाई, एक काम होतं. मायचं वर्षश्राद्ध हाये. जेवनावळ नाही करत म्हनलं यंदा. वाचनालयात पुस्तकं देतो तिच्या नावानं."

मी म्हटलं, फार चांगलं केलंस. पुस्तकांची यादी करून देते.

"यादी नाही पायजे बाई. एकच पुस्तक. पंधरा प्रती. गावातल्या पंधरा जनाइनं एकाच टायमाले एकच वाचावं असं. गोष्टीचं पायजे. तुम्ही एवढं वाचता, त्यातलं तुमचं आवडतं एक सांगजा."

दहावीनंतर त्यानं स्वतः एकही गोष्टीचं पुस्तक वाचलेलं नाही, हेही त्यानंच सांगितलं. मी दोन आठवड्यांची मुदत मागून घेतली.

वाटलं होतं, सोपं आहे. आयुष्यभर मराठी शिकवलं. "तुमचे आवडते पुस्तक" हा निबंध शेकडो मुलांकडून लिहून घेतला. आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा चार दिवस मी नुसती पुस्तकं टेबलावर वर-खाली करत होते. आवडलेल्या सात सांगता येतात, आवडलेली एक सांगता येत नाही. त्यातून दुसऱ्याच्या आईच्या नावानं द्यायची.

सगळ्यात आधी बाजूला ठेवली ती नंदा खरे यांची "उद्या". वाईट म्हणून नव्हे. मी वाचलेल्यांत सगळ्यात हुशार माणसानं लिहिलेली ती असावी. आणखी थोड्या वर्षांनी आपलं काय होईल, आपल्यावर कोण आणि कशी पाळत ठेवेल, आपल्या गरजा दुसराच कसा ठरवेल, हे त्यांनी दाखवलं आहे. तिला २०२० चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला होता आणि समाजानं आपल्याला भरपूर दिलं आहे असं म्हणून त्यांनी तो नाकारला. २०२२ मध्ये ते गेले. ती वाचून झाल्यावर मी मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून झोपले, एवढा तिचा परिणाम. पण मला ती दोनदा थांबून मागची पानं उलटून वाचावी लागली. पंधरा प्रतींपैकी बारा अर्ध्यावर परत येतील असं वाटलं. आदर वाटणं वेगळं आणि जीव लागणं वेगळं.

कृष्णात खोत यांच्या "रिंगाण"वर मात्र बराच वेळ अडकले. धरणामुळं उठलेलं गाव, आणि मागं राहिलेली म्हैस आणायला परत त्या जंगलात गेलेला देवाप्पा. गोष्ट म्हटली तर एवढीच. म्हैस आता गावची राहिलेली नाही, रानाची झाली आहे. तिला तो नको आहे. विस्थापन म्हणजे काय हे सरकारी आकड्यांत कधीच कळत नाही, पण ती म्हैस डोळे वटारून उभी राहते तेव्हा कळतं. भाषा कोल्हापूरकडची, सुरुवातीला ठेचकाळले, मग सरावले. २०२३ चा अकादमी पुरस्कार तिला मिळाला, योग्यच झालं. आमच्या शेजारच्या मोर्शी तालुक्यात सिंभोऱ्याला वर्धा नदीवर मोठं धरण आहे, अप्पर वर्धा. त्याच्या पाण्याला नल-दमयंती सागर असं सुंदर नाव दिलंय. लोक सहली काढतात. त्या सुंदर नावाखाली गावं आहेत. तिकडून उठून आलेल्या घरातली एक मुलगी माझ्या वर्गात होती. तिला "माझे गाव" हा निबंध दिला तर ती कोरी वही घेऊन बसून राहिली होती. मी तिला विचारलं नाही का ते. "वेळ संपत आली" एवढंच म्हणाले. देवाप्पाबरोबर मला ती मुलगी आठवत राहिली.

मग "बारोमास". सदानंद देशमुखांची, बुलडाणा जिल्ह्यातली. २००४ चा अकादमी पुरस्कार. एकनाथ एम.ए. बी.एड. झालेला, पण नोकरीला लागतात ते पैसे घरात नाहीत, म्हणून वावरात. आणि वावर त्याला पोसत नाही. पैसे भरून नोकरी मिळवायची म्हणून जमीन विकू म्हणणारा धाकटा भाऊ. शिकलेली बायको, जिला या घरात गुदमरतं, आणि जिचंही अगदी चूक आहे असं म्हणता येत नाही. ही कादंबरी मला आवडते म्हणायला जीभ रेटत नाही. मी त्याच धंद्यात होते ना! शाळेत जागा निघाली की बाहेर काय आकडा चालतो ते शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना माहीत असायचं. माझ्या वेळी मला काही द्यावं लागलं नाही, काळ जुना होता, एवढंच माझं पुण्य. पुढच्यांना द्यावं लागलं तेव्हा मी चहा पीत बसले होते. बरं, शेतकऱ्याचं चित्र म्हणावं तर तेही आमच्याकडं रोजचंच. बांगलादेशानं संत्र्यावरचा आयात कर वाढवत नेला, तर इथं बागेतच माल पडून राहतो. फळगळ आहे, कोळशी आहे, बोअरचं पाणी दरवर्षी आणखी खाली. "बारोमास" इथल्या माणसाला दिली तर तो म्हणेल, हे मले काय सांगता?

(असं मी ठरवून टाकलं खरं. आपल्यासारख्याचं जगणं पुस्तकात वाचायला लोकांना आवडत नाही, हे कुठून ठरवलं मी? त्याचं पुढं येतंच.)

रा. रं. बोराडे फेब्रुवारी २०२५ मध्ये गेले, तेव्हा त्यांची "पाचोळा" पुन्हा काढली होती. शिंप्याच्या बायकोच्या, पारबतीच्या तोंडून सांगितलेली. पुस्तक एवढंसं, पण श्वास घ्यायला जागा नाही. गंमत बघा, माझ्या सातांतली दोन घरं शिंप्याची निघाली, एक मराठवाड्यातलं आणि एक वऱ्हाडातलं. दोन्हीकडं शिलाईचं यंत्र आहे आणि दोन्हीकडं संसार उसवतो. यावर कुणी प्रबंध लिहिला असेल तर मला वाचायला आवडेल.

गो. नी. दांडेकर परतवाड्याला जन्मलेले, म्हणजे आमचेच. लोकांना त्यांचे गड-किल्ले आणि कोकणातली "पडघवली" माहीत असते. "पूर्णामायची लेकरं" फारशी कुणी काढत नाही. पूर्णाकाठची माणसं, पूर्णाकाठची बोली, आणि लेखकाची माया. जरा जास्तच माया, असं मला या वेळी वाटलं. सगळीच माणसं कशी गोड?

राहता राहिली "बनगरवाडी" आणि "धग".

पहिल्या आठवड्याच्या शेवटी मी "बनगरवाडी" नक्की केली. कारणं सगळी चांगली होती. लहान पुस्तक. कुणालाही कळेल अशी भाषा. माणदेशातल्या धनगरांच्या वस्तीवर शिकवायला गेलेला तरुण मास्तर, त्याच्यावर आधी विश्वास न ठेवणारी माणसं, मग त्याच्याशिवाय ज्यांचं पान हलत नाही अशी तीच माणसं, सगळ्यांनी मिळून बांधलेली तालीम आणि शेवटी दुष्काळानं रिकामी होत जाणारी वाडी. माडगूळकर एक शब्द जास्तीचा वापरत नाहीत. १९५५ चं पुस्तक आहे, आज सकाळी लिहिल्यासारखं वाटतं. शिवाय मास्तरची गोष्ट. आमच्या जमातीला ती आवडायचीच, त्यात आपलं कौतुक असतं. हे शेवटचं कारण मी तेव्हा स्वतःशी कबूल केलं नव्हतं.

त्याला फोन केला. संध्याकाळी आला. म्हटलं, नाव ऐकून काय कळणार, थोडं वाचून दाखवते. सुरुवातीची दोन पानं वाचली, रात्रीच्या अंधारात मास्तर वाडीकडं निघतो ती. तो हात जोडल्यासारखे गुडघ्यांत धरून ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "चांगलं हाये बाई."

पस्तीस वर्षं शिकवलेल्या बाईला "चांगलं हाये"चे प्रकार ओळखता येतात. हा तास संपायची वाट बघणाऱ्या मुलाचा होता.

मग काय मनात आलं कोण जाणे. टेबलावर "धग" पडली होती. मी ती उघडली आणि मधलंच एक पान, नवरा-बायकोच्या बोलण्याचं, वाचायला घेतलं. कौतिक आणि महादेव. सुरुवातीला वाचताना मीच अडखळले, कारण ती बोली मला ऐकायची सवय आहे, मोठ्यानं वाचायची नाही. पाचव्या-सहाव्या ओळीला तो खुर्चीत मागं सरकून नीट बसला. मी थांबले तर म्हणाला, "हे असंच छापलं हाये?"

म्हटलं, हो.

"तुम्ही आपल्या मनानं नाही ना बोलून रायल्या?"

मी पुस्तक त्याच्या हातात दिलं. त्यानं चष्मा काढून, पान लांब धरून वाचलं. ओठ हलत होते. मग हसला, आणि तोंडावर हसू तसंच ठेवून म्हणाला, "मंग तुम्ही माह्या वहीत काहून खोडलं होतं?"

मला काही आठवेना. त्याला सगळं आठवत होतं. इयत्ता सातवी, साल १९८६. निबंध, "माझी आई". त्यानं लिहिलं होतं "माही माय". मी पहिल्या ओळीत लाल शाईनं "माय" खोडून वर "आई" लिहिलं. मग पुढच्या ओळीत. मग पुढच्या. दीड पानाच्या निबंधात ते किती वेळा होतं ते त्यानं तेव्हा मोजलं होतं, एकोणीस वेळा. शिवाय "डोया" खोडून "डोळा", "सकायी" खोडून "सकाळी", "पानी" खोडून "पाणी". आणि दुरुस्त केलेला निबंध मी त्याला वर्गापुढं उभं राहून वाचायला लावला होता.

"मी वाचला बाई. पन मले वाटलं, हे दुसऱ्याच कोनाच्या बाईबद्दल हाये. आमच्या घरी आई नव्हती ना. माय होती."

राग नव्हता त्याच्या बोलण्यात, हे मुद्दाम सांगते. गमतीची आठवण सांगावी तसं सांगितलं. जाताना पुस्तक दोन दिवसांसाठी मागून नेलं. मी मात्र त्या रात्री झोपले नाही.

आता माझी बाजू. तीही खोटी नाही. बोर्डाच्या पेपरात "डोया" लिहिलं तर मार्क कापले जात. मुलाखतीला गेलेला पोरगा "मले" म्हणाला की समोरचा हसतो, हे मी स्वतः भोगलं होतं. १९६८ साली मी अमरावतीला कॉलेजात गेले. तेव्हा अमरावतीला विद्यापीठ नव्हतं, ते १९८३ मध्ये झालं. आम्ही नागपूर विद्यापीठाचे. पहिल्याच आठवड्यात मी एका मैत्रिणीला "काहून आली नाही वं काल?" असं विचारलं आणि मागच्या बाकावरच्या दोघी तोंडावर रुमाल धरून हसल्या. त्या दिवसापासून मी घरी एक आणि बाहेर एक बोलायला शिकले. इतकी शिकले की पुढं मराठीचीच शिक्षिका झाले. तेव्हा मला वाटायचं, जे मला वीस वर्षांची होऊन शिकावं लागलं ते माझ्या मुलांना बाराव्या वर्षीच शिकवून टाकू. पुढं त्यांना कुणी हसायला नको. हेतू वाईट नव्हता हो.

पण त्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षी आमचे सर "धग"वर बोलले होते. उद्धव शेळक्यांची ही कादंबरी १९६० ची, म्हणजे तेव्हा दहाएक वर्षांचीच. मराठी कादंबरीला वऱ्हाडी बोलीनं काय दिलं यावर ते भरभरून बोलत आणि आम्ही भराभर लिहून घेत होतो. मी परीक्षेत त्यावर सहा पानं लिहिली. बोलीतला जिवंतपणा, मातीचा गंध, सगळं लिहिलं. चांगले मार्क मिळाले. आणि पंधरा वर्षांनी, तोच जिवंतपणा एका बारा वर्षांच्या पोरानं आपण होऊन वहीत आणून दिला, तर मी त्यावर लाल शाई ओतली. पुस्तकात छापली की ती बोली, आणि वहीत आली की ती चूक! दोन्ही गोष्टी मीच केल्या आणि मधली पंधरा वर्षं दोहोंची माझ्या डोक्यात एकदाही गाठ पडली नाही. खरं तर या मार्चपर्यंत पडली नव्हती.

यात आणखी बोचणारी गोष्ट अशी की हे सगळं घडलं कुठं, तर आमच्या मुलुखात. मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर इथून काही फार लांब नाही. म्हाइंभटांनी १२७८ च्या सुमाराला "लीळाचरित्र" सिद्ध केलं ते तिथं. मराठीतला आद्य गद्यग्रंथ. महानुभावांची ती गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगायचे. केशिराजांना संस्कृतात लिहायचं होतं, तर नागदेवाचार्यांनी त्यांना अडवलं, की असं केलंत तर माझ्या म्हाताऱ्या बाया वंचित होतील. सांगताना माझा आवाज भरून यायचा. मुलं ऐकायची. त्यांतल्या कितीतरींच्या म्हाताऱ्या आज्या घरी "मले-तुले" बोलत होत्या आणि त्यांची नातवंडं शाळेत ते विसरायला येत होती, माझ्याकडं. आता मराठीला अभिजात दर्जा मिळाला, ऑक्टोबर २०२४ मध्ये. त्याच वर्षी रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठही सुरू झालं. मला आनंद झाला. पेढे वाटले मी. नर्सरीवाल्याच्या घरीही दिले होते, त्याची माय तेव्हा होती. बाजेवर बसली होती. पेढा हातात घेऊन म्हणाली, "कायचा व बाई हा?" मी म्हटलं, आपल्या मराठीचा. ती म्हणाली, "मंग तुमीच खा, मले कोठी येते मराठी."

तेव्हा मी हसले होते.

बरं, एवढ्यावरून "धग" निवडायची का? प्रायश्चित्त म्हणून पुस्तक निवडू नये, असं मला वाटतं. प्रायश्चित्त माझं, वाचायची शिक्षा पंधरा जणांना कशाला! म्हणून तो पुस्तक घेऊन गेला होता त्या दोन दिवसांत मी मनात ती पुन्हा नीट तपासली. आवडते का? खरंच सगळ्यांत जास्त?

विसाव्या वर्षी वाचली तेव्हा मला महादेवचा संताप आला होता. शिंपीकाम सोडून हे कर, ते कर, कशात धड नाही, आणि घर सगळं कौतिकच्या हातावर. असल्या माणसाला सोडून का देत नाही ही, असं मी वहीच्या कडेला लिहिलंही होतं. पुढं त्याला महारोग होतो, तेव्हाही मला दया आली नव्हती. पंचाहत्तराव्या वर्षी वाचताना तो दिसला. त्याला स्वतःचाच कंटाळा आहे, आणि बायको आपल्यापेक्षा खंबीर आहे हे त्याला पक्कं कळलेलं आहे. असे पुरुष मी गावात आता ओळखते, त्यांच्या बायका माझ्याशी बोलतात. शेळक्यांनी त्याला कुठंही खलनायक केलेलं नाही, हे मला तेव्हा दिसलंच नव्हतं. महारोगाचंही तसंच. आज त्यावर गोळ्या आहेत, तो बरा होतो. पण माझ्या लहानपणी त्या नावानं घर ओस पडायचं. अमरावतीचं तपोवन दाजीसाहेब पटवर्धनांनी उभं केलं ते त्याच माणसांसाठी, ज्यांना आपल्या घराची ओसरीही उरली नव्हती. शेळके तो आजार दाखवतात तेव्हा औषधाचं बोलत नाहीत फार, लोक कसे एकेक पाऊल मागं सरतात ते दाखवतात.

आणि कौतिक. तिला लेखक "बिचारी" म्हणत नाही. ती मजुरीला जाते, भांडते, कधी लागट बोलते, पोरांनी शिकावं म्हणून हाडं झिजवते. पीठ किती उरलं, उसनं कुणाकडून आणायचं, हे तिच्या डोक्यात चालू असतं. दुःखाला तिला वेळच नाही, दुःख आपल्याला होतं. निवेदन प्रमाण मराठीत आणि माणसं वऱ्हाडीत बोलतात. पहिल्यांदा वाचताना मला वाटलं होतं की लेखकानं बोली नमुन्यादाखल वापरली आहे. आता वाटतं, त्यानं फक्त मधे पडायचं नाकारलं. त्यांचं बोलणं खोडलं नाही. शेवट सांगत नाही. तो सोपा नाही.

आणि नेमका तोच प्रश्न होता. एखाद्याच्या मायच्या वर्षश्राद्धाला इतकं दुःखाचं पुस्तक द्यावं का? "बनगरवाडी" वाचून माणूस हळवा होतो, "धग" वाचून गप्प होतो. मी त्याला तसं बोलूनही दाखवायचं ठरवलं.

दोन दिवसांनी आला नाही. पाच दिवसांनी आला. हंगामाची गडबड होती म्हणाला. नर्सरीत जंबेरीच्या खुंटांवर डोळे भरायचं काम चालू असतं तेव्हा त्याला जेवायलाही फुरसत नसते. पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं. मी म्हटलं, वाचलंस?

"अर्धं वाचलं. अर्धं बायकोनं वाचून दाखवलं. मले रात्री जवयचं दिसत नाही."

"मग? फार दुःखाचं आहे रे. आईच्या नावानं..."

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, त्याची माय संत्र्याच्या तोडणीला जायची, डोक्यावर पेटी वाहायची. सात रुपये रोज मिळत होता तेव्हा ती त्यातला एक वेगळा बांधून ठेवायची, त्याच्या वह्यांचा. "त्याच वहीत लिवलं होतं ते मी," म्हणाला. "बाई, सुखाचं पुस्तक तिच्या नावानं देलं तं लोक म्हनतीन, ही कोन?"

झालं. माझी निवड झाली, म्हणजे आमची झाली. माझी तक्रार एवढीच की साताही कादंबऱ्यांबद्दल इतक्या थोड्या शब्दांत मला काही सांगता आलं नव्हतं.

पुण्याच्या दुकानाकडं पंधरा प्रती मागवल्या, अकरा मिळाल्या. उरलेल्या मिळतील तेव्हा. वाचनालयात सध्या शनिवारी संध्याकाळी पाच-सहा जणी येतात, त्यांतल्या दोघींना वाचता येत नाही, म्हणून मी मोठ्यानं वाचते. माझा वऱ्हाडी उच्चार पुस्तकी झालाय असं त्यांचं मत पडलं. एकीनं मला परवा मधेच थांबवून "असं नाही वं बाई, असं" म्हणून एक वाक्य म्हणून दाखवलं. तिचं बरोबर होतं.

प्रतींवर आत शिक्का मारायचा आहे. मी कागदावर लिहून दिलं होतं, "कै. मातोश्रींच्या स्मरणार्थ". त्यानं तो कागद घडी घालून खिशात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी दुसरा घेऊन आला. त्याच्या हातचा. "मायच्या आठवनीत", खाली तिचं नाव, गाव. मी लाल पेन घेतलं नाही, पण डोळा त्या एका अक्षरावर गेलाच. सवय. तो बघत होता. म्हणाला, "तुम्ही म्हनसान तसं करू, बाई." मी कागद तसाच वरुडच्या शिक्के करणाऱ्याकडं पाठवला.

काल त्याचा फोन आला. "बाई, आठवणीत मधे न लिहिलाय, ण करू का?"

न-च ठेव म्हटलं. दोनदा विचारलं त्यानं. गुरुवारी देतो म्हणाला.